निळ्या झाकणाचं झाड

४ ऑगस्ट

चि. मोठीस,
अनेक आशीर्वाद.

पत्राला उशीर झाला, माफ कर. तुझ्या शेवटच्या पत्राला उत्तर द्यायचं राहून गेलं, त्याला येत्या हिवाळ्यात अकरा वर्षं होतील. रोज लिहीन लिहीन म्हणत होतो. फोन तू माझा उचलत नाहीस, तो तुझा हक्क आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पत्ता धाकट्याच्या वहीतून उतरवून घेतला. त्याला सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस.

अक्षर वाकडं आलं तर टेबलाला दोष दे. त्याचा एक पाय तोकडा आहे.

इकडे सगळे ठीक. धाकट्याने मार्चमध्ये घर घेतलं, ते तुला त्याने कळवलंच असेल. बैठं घर, रांगेतलं शेवटचं, मागे अंगण. आपली बाग तोडून तिथे वसाहत झाली, त्यातलंच. मला घर दाखवायला नेलं तेव्हा त्याने मागून येऊन माझे डोळे झाकले. एवढा तेहेतीस वर्षांचा घोडा, पण खोड गेली नाही. मागच्या दारातून पुढे ढकलत नेलं आणि हात काढले. समोर सफरचंदाचं झाड. म्हणाला, "बाबा, जन्मभर दुसऱ्याच्या बागेत राबलात. सगळी झाडं गेली, हे एकच राहिलं. आता हे तुमचं."

झाड चांगलं आहे. अठरा-एकोणीस वर्षांचं असेल. यंदा फळ खूप धरलं आहे.

तू तिकडे खाण्यापिण्याच्या वस्तू तपासायच्या प्रयोगशाळेत मोठ्या हुद्द्यावर आहेस असं धाकटा सांगतो. म्हणून काही विचारायचं होतं. बाजारातल्या सफरचंदावर मेण असतं ते पोटात गेलं तर चालतं का? सालीसकट खावं की सोलून? बी गिळली तर काय होतं? इथे पलीकडच्या घरात एक कंपाउंडर राहतात, चाळीस वर्षं डॉक्टरांच्या हाताखाली पुड्या बांधल्या आणि आता अख्ख्या गल्लीचे डॉक्टर झालेत. ते म्हणतात, बी चावली तर वाईट, गिळली तर निघून जाते. मला पटत नाही. आपल्या भिंगरीला (धाकट्याची मुलगी, पाच वर्षांची, एका जागी ठरत नाही म्हणून भिंगरी) बी चावायची सवय आहे. कापून ठेवलं की काळं पडतं, ते हवेने की कशाने? मिठाच्या पाण्यात धुतलं तर वरचं सगळं निघतं का?

आणि सहज आठवलं म्हणून विचारतो. जमिनीत काही असलं तर ते मुळातून फळापर्यंत चढतं का? की मध्ये खोडातच अडतं?

शेवटचंच आधी कळवलंस तरी चालेल.

तुझा,
बाबा


१९ ऑगस्ट

चि. मोठीस,
आशीर्वाद.

तुझं उत्तर आलं नाही. टपाल हल्ली नीट येत नाही, तसं असेल. मी रोज अकरा वाजता फाटकाशी उभा राहतो. टपालवाला काल म्हणाला, "आजोबा, लग्नाचं वय गेलं तुमचं, कुणाच्या पत्राची वाट बघता?" हसलो.

फळं लाल व्हायला लागली आहेत. त्यामुळे घाई आहे.

मी काय केलं ते सांगतो, तू हसशील. पहिल्यांदा सूनबाईला सांगितलं की या झाडाला आतून अळी असते, बाहेरून दिसत नाही. तिने माझ्यासमोर एक फळ कापलं. स्वच्छ पांढरं. म्हणाली, "बाबा, अळी कुठे गेली? तुम्हाला बघून पळाली वाटतं." मग सांगितलं, हे जातच आंबट आहे, दात जातील. तिने तीच फोड तोंडात टाकली. मी उभा होतो समोर, मोठे. तिचा जबडा हलताना बघत होतो. "साखर आहे साखर," म्हणाली.

ती घरीच शिवणकाम करते, शाळांचे गणवेश. दुपारी माल पोचवायला जाते तेव्हा तास-दीड तास घरात कोणी नसतं. भिंगरी शाळेत, धाकटा कामावर. तेवढ्या वेळात मी शिडी लावून फळं काढतो, पिशवीत भरतो आणि दोन गल्ल्या पलीकडच्या कचऱ्याच्या पेटीत टाकून येतो. तीन दिवस निभावलं. चौथ्या दिवशी कंपाउंडर कुंपणावरून बघत होते.

"हाफ पिकलेली काढताय होय? विकता की काय गुपचूप?"

"पाखरं खातात हो. म्हणून."

"मग आम्हाला द्या की दोन. आम्ही काय पाखरांपेक्षा वाईट?"

मी दिली नाहीत. आता गल्लीत माझं नाव कंजूष आजोबा पडलं आहे. पोरं मला बघून खिसे झाकतात, म्हणजे मी त्यांची फळं काढून घेईन अशी नक्कल. संध्याकाळी सूनबाई धाकट्याला हळू आवाजात म्हणाली, "वय झालं की असं होतं, लपवून ठेवतात वस्तू. डॉक्टरांना दाखवूया का?" मला सगळं ऐकू आलं. कान अजून शाबूत आहेत.

धाकट्याने मला काही विचारलं नाही. फक्त रविवारी झाडाला आळं करून द्यायला फावडं घेऊन निघाला. मी त्याच्या हातातून फावडं ओढलं. इतक्या जोरात, की तो पडता पडता वाचला. म्हणाला, "बाबा! अहो काय झालं?" मी म्हटलं, मुळं दुखावतील. तो म्हणाला, "तुमचं झाड आहे, तुम्ही म्हणाल तसं." आणि आत गेला. तसा तो लहानपणापासून. तू भांडून घ्यायचीस, तो गप्प बसायचा.

आता तुला खरं सांगतो, थोडं. आपल्या बागेत पंपघर होतं, आठवतं? त्याचा सिमेंटचा ओटा अजून आहे, शेजारच्या दोन घरांच्या मधल्या बोळात. तिथून मी पावलं मोजली. बावीस भरली. चारदा मोजली. एकदा वेगळ्या चपला घालून मोजली. बावीसच.

तुला बावीसचा अर्थ कळणार नाही. पुढच्या पत्रात लिहितो. आधी मुळाचं कळव.

तुझा,
बाबा


२ सप्टेंबर

मोठे,

आज नमनाला वेळ नाही.

भिंगरीने खाल्ली आहेत. मी समजत होतो की मी सगळी काढतो. सूनबाई शहाणी, तिने माझ्या आधीच सकाळी सकाळी टोपलीभर काढून शिजवून बरण्या भरल्या. फळीवर मागच्या बाजूला, डाळींच्या डब्यांच्या आड, मला दिसू नयेत म्हणून. आठ दिवस पोरीच्या डब्यात पोळीला लावून ते गेलं. मला काल कळलं. भिंगरी ओठ चाटत आली आणि म्हणाली, "आजोबा, तुम्हाला पण हवंय? आई म्हणते तुम्हाला सांगायचं नाही."

मी बरण्या फोडल्या. चारही. मोरीत. सूनबाई रडली, धाकटा पहिल्यांदा माझ्यावर ओरडला. "तुम्हाला पाहिजे तरी काय बाबा?" मी म्हटलं, हात निसटला. चार बरण्या, चारदा हात निसटला.

आता ऐक. एकोणीस वर्षांपूर्वीचा उन्हाळा. आम्ही फवारायला जे औषध वापरायचो त्याचे डबे दोन जातींचे होते, पिवळ्या झाकणाचे आणि निळ्या झाकणाचे. डब्यावरची छपाई परक्या भाषेतली, आणि मी चौथी पास. म्हणून आम्ही सगळे झाकणानेच औषध ओळखायचो आणि झाकणानेच मोजायचो. पिवळं मवाळ, पंपाला दोन झाकणं. निळं कडक, अर्धंच. निळ्यावर पुढे बंदी आली. तपासणीला साहेब येणार असं कळलं तेव्हा कोठारात निळ्याचे अकरा डबे शिल्लक होते. मालक म्हणाले, उद्या सकाळी हे इथे दिसता कामा नयेत. मी आणि मुकादम, दोघांनी पंपघरामागे खड्डा केला. मुकादम आता नाही. डबे काही सीलबंद होते, काही अर्धे, दोन गंजून गळत होते.

पंपघरापासून बावीस पावलं.

माती ओढल्यावर मला वाटलं, पुढे कोणीतरी इथे खणेल. नळासाठी, कुंपणासाठी. खणणाऱ्याचं काय होईल? खूण काय करावी? पाटी लावली तर साहेबाला दिसेल. दगड ठेवला तर कोणी उचलेल. बागेतल्या माणसाला जे सुचतं तेच सुचलं. रोप आणलं आणि खड्ड्यावर लावलं. आम्ही सगळे मानायचो, फळत्या झाडाखाली कोणी खणत नाही. कुदळ तिथे येऊन बाजूला वळते.

खणणाऱ्याचा विचार केला, मोठे. खाणाऱ्याचा केला नाही. रोप जगेल असंही वाटलं नव्हतं. सफरचंदाचं लावलं, कारण हाताशी तेच होतं.

मग बाग विकली, तोडली, सगळी झाडं गेली. घरं बांधणाऱ्याने मोजून एक झाड ठेवलं, शोभेला. तेच.

धाकट्याने डोळ्यांवरचे हात काढले तेव्हा मी ते झाड ओळखलं. खोडाला जमिनीपासून गुडघाभर उंचीवर माझ्याच हाताच्या कलमाची गाठ आहे. तेव्हाच बोलायला हवं होतं. पण त्याचा चेहरा बघितलास का तू कधी, काही आणून दिल्यावर? कर्ज काढून घर घेतलं आणि त्यात सगळ्यात आधी काय बघितलं तर बापाला झाड. मी म्हटलं, वा.

तेव्हापासून मी स्वतः खातो. जुलैच्या शेवटापासून, हिरवी होती तेव्हापासून. रोज चार. दोन सकाळी, दोन दुपारी. माझ्या पोटात जातील तेवढी तिच्या वाट्याला कमी. आणि दुसरं म्हणजे, काही असेल तर आधी माझ्यात दिसेल. माझं काय, माझं झालंगेलं आहे.

सोबत तीन फळं पाठवतो आहे. एक उन्हाकडच्या फांदीचं, एक सावलीतलं, एक खाली पडलेलं. प्रत्येकाला कागद गुंडाळून कुठलं ते लिहिलं आहे. वर 'खाऊ नये' असंही लिहिलं आहे. तू खाणार नाहीस, मला माहीत आहे, पण वाटेत कोणी पुडा फोडला तर.

भिंगरीचं पोट परवापासून दुखतं आहे. कंपाउंडर म्हणतात गॅस. मोठे, गॅसच असेल ना?

बाबा


१४ सप्टेंबर

चि. मोठीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पाकीट आलं. सही करताना टपालवाला म्हणाला, "आलं का आजोबा शेवटी!" मी फाटकातच फोडलं. पत्र नव्हतं. छापील फॉर्म, सहा जाड पिशव्या, आणि माती वरवरची कुठून घ्यायची त्याचं चित्र. मी सगळं उलटंपालटं करून बघितलं, पिशव्यांच्या आतही हात घालून बघितला. मग चित्राच्या कडेला पेनाने दोन ओळी दिसल्या. 'खड्ड्याला हात लावू नका. आणि तुम्ही स्वतः खाणं आजपासून बंद करा.'

तुझा त तुझ्या आईसारखा आहे. वर लांब दांडी. मी खाणं बंद केलं आहे.

फॉर्म मला एकट्याला भरता आला नाही. मग मी धाकट्याला आणि सूनबाईला स्वयंपाकघरात बसवलं आणि सगळं सांगितलं. भिंगरीला कंपाउंडरांकडे खेळायला पाठवलं होतं. सूनबाई उठून मोरीपाशी गेली आणि जिथे बरण्या फुटल्या होत्या तिथे बघत उभी राहिली. म्हणाली, "तुम्ही नुसतं सांगितलं असतं तर. आठ दिवस मी तिला भरवलं. माझ्या हाताने." धाकटा टेबलावरचं पाणी बोटाने इकडून तिकडे ओढत होता. मग म्हणाला, "बाबा, घर दाखवलं त्या दिवशी तुम्ही दारात अडखळलात. मला वाटलं, आनंदाने."

त्याच दिवशी दुपारी आम्ही सगळे दवाखान्यात गेलो. भिंगरीचं रक्त घेतलं, आमचंही. पोरीने हूं की चूं केलं नाही, मलाच म्हणाली, "आजोबा, बघू नका, दुखत नाही." पोट आता दुखत नाही. डॉक्टरांनी विचारलं, "औषध कोणतं होतं? नाव सांगा. नावाशिवाय मी काय शोधू?"

मोठे, हेच वाक्य मी आधी ऐकलं आहे. तूही ऐकलं आहेस. आई आजारी होती आणि तिच्या डॉक्टरांनी हेच विचारलं. ती माझे फवारणीचे कपडे एकोणीस-वीस वर्षं हाताने धूत होती, म्हणून. तू खोलीत आलीस, माझ्यासमोर उभी राहिलीस आणि म्हणालीस, "बाबा, नुसतं नाव आणा. एक रिकामा डबा आणा." मी म्हणालो, मला परकी भाषा वाचता येत नाही, आणि डबे सगळे कंपनीला परत गेले. तेव्हा मालकांचा माणूस आदल्याच दिवशी येऊन गेला होता. जागा बागेची, खोली बागेची, धाकटा चौदाचा. त्याने कागद पुढे केला, हातमोजे मिळत होते, डबे परत केले, असा. मी न वाचता सही केली. वाचायला येत होतं ते. ते आपल्याच भाषेत होतं.

आणि आता जे एकोणीस वर्षं कोणाला सांगितलं नाही. तू माझ्यासमोर उभी होतीस तेव्हा निळं झाकण माझ्या खिशात होतं. खड्डा बुजवताना एक बाहेर राहिलं, ते मी उचललं होतं. मोजायची सवय, दुसरं काही नाही. झाकणाच्या आतल्या बाजूला उठावाची अक्षरं आहेत, आणि आकडा. मी हात खिशात घालून ती बोटाने चाचपत होतो आणि तुला म्हणत होतो, मला माहीत नाही.

नाव मिळून आई वाचली असती का, मला माहीत नाही. डॉक्टर म्हणाले होते, दोन्ही शक्य आहे. पण तू जाताना म्हणालीस, "तुम्हाला माहीत आहे आणि तुम्ही सांगत नाही." ते खरं होतं. मी पत्राला उत्तर देत नव्हतो, त्याचं कारण तेच. काहीही लिहायला बसलो की पहिलं वाक्य ते यायचं.

झाकण माझ्या हत्यारांच्या डब्यात, कुलपात होतं. सोबत पाठवलं आहे, दोन पिशव्यांत घालून. अक्षरं धाकट्याने भिंग लावून वाचली आणि दवाखान्यातही दिली. ते म्हणाले, आता शोधता येईल. एवढंच म्हणाले.

फॉर्म भरला आहे. सूनबाईने प्रश्न वाचले, धाकट्याने लिहिलं. 'हे फळ आजवर कोणी खाल्लं आणि किती' असा एक रकाना आहे. मी स्वतःचं सांगितलं, रोज चार, चाळीस दिवस. सूनबाई, पाच-सहा. धाकटा, दोन. कंपाउंडरांना विचारायला गेलो तर ते म्हणाले, "तुम्ही दिली नाहीत म्हणून एक कुंपणावरून हात घालून तोडलं होतं. एकच हो." बिचाऱ्यांनी स्वतः येऊन आपलं नाव लिहिलं. भिंगरीला विचारलं, "किती खाल्लंस गं?" तिने दोन्ही हात पसरले आणि म्हणाली, "खूप." धाकट्याचं पेन थांबलं. मग त्याने तेच लिहिलं. खूप.

खाली 'माहिती देणाऱ्याची सही' आहे. या वेळी मी अख्खा कागद दोनदा वाचून घेतला आणि मग सही केली. वाकडी आली आहे. टेबल नीट आहे, मोठे. त्याचा पाय तोकडा नाही. हात हलतो, ऑगस्टपासून. वयानेही असेल. डॉक्टरांना दाखवला आहे, काही लपवलेलं नाही.

घरात माझ्याशी कोणी वाईट बोलत नाही. सूनबाई ताट वाढते, बोलत नाही. धाकट्याने झाडाभोवती दोरी बांधली आहे आणि सरकारी खात्यात अर्ज दिला आहे. फळं पिकून पडताहेत, कोणी उचलत नाही, मी दोरीच्या बाहेर खुर्ची टाकून बसतो आणि पोरं आत येऊ नयेत म्हणून बघतो. आता पोरं नक्कल करत नाहीत.

भिंगरीला अर्धंच कळलं आहे. ती खिडकीत उभी राहून विचारते, सफरचंद खायचं की नाही खायचं, कोण सांगणार? मी म्हटलं, तुझी आत्या सांगेल. ती म्हणाली, "मला आत्या आहे?" पाच वर्षांची झाली, आणि तिला माहीत नव्हतं. तेव्हापासून दिवसातून दहादा विचारते, आत्याचं आलं का?

माझ्याशी बोलू नकोस हवं तर. फोन धाकट्याला कर, मी खोलीतून बाहेर जाईन. मला दोन ओळीही नकोत, नुसतं तिला कळव. चांगलं असो, वाईट असो, जे असेल ते, पण लवकर कळव. पोर खिडकीत उभी आहे.

तुझा,
बाबा